कुलूप प्रोग्रामला घाला, आमच्या मजकुराला नको

धाराशिव जिल्ह्यातले छापखानेवाले, डीटीपीवाले, फ्लेक्सवाले, त्यांना काम देणाऱ्या संस्था आणि ज्यांच्या प्रोग्रामवर आमची पोटं चालतात त्या सॉफ्टवेअर कंपन्या, या सगळ्यांना हा जाहीर इशारा आहे. मुदत येत्या १ मेपर्यंत. इशारा मी माझ्या एकट्याच्या जबाबदारीवर देतोय. त्यावर कुठल्याही संघटनेचा शिक्का नाही. शिक्क्याची वाट बघत बसलो असतो तर आणखी एक लग्नसराई निघून गेली असती.

आधी कारण सांगतो. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. आधी शहराचं, मग त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जिल्ह्याचंही. लेटरहेड, पावती पुस्तकं, शाळांचे दाखले, पतसंस्थांची पासबुकं, बाजार समितीतल्या आडत्यांच्या हिशेबपट्ट्या, सगळं नव्यानं छापायचं होतं. बाहेरच्यांना वाटलं, छापखान्यांची दिवाळी झाली. कामं आली हे खरं. पण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर सारख्या चालणाऱ्या प्रमाणात, टाइप केलेल्या फायलीत एक नाव काढून दुसरं घालायला जेमतेम एक आज्ञा पुरते, आणि आमच्याकडच्या निम्म्याहून अधिक फायली युनिकोडच्या आधीच्या. त्या उघडायच्या तर तोच प्रोग्राम, तेच व्हर्जन, तोच फॉन्ट आणि मशीनच्या पाठीमागे खोचलेलं तेच लॉक हवं. कुणाचं लॉक विजेच्या दाबानं जळालेलं, कुणाचं जुन्या मशीनबरोबर भंगारात गेलेलं. कंपनीला फोन केला तर उत्तर ठरलेलं : ते व्हर्जन बंद झालं, नवीन घ्या. नवीन घेतलं तर जुन्या फायलीतली जोडाक्षरं फुटतात. शेवटी कळंब, उमरगा, परंडा, भूम, जिथं जिथं जुनं काम होतं तिथं ऑपरेटर बसवून सगळं परत टाइप केलं. ज्या मजकुराचे पैसे गिऱ्हाइकानं एकदा मोजले होते, त्याचेच त्यानं पुन्हा मोजले. ज्यानं कंपनीला प्रामाणिकपणे पैसे दिले होते, त्याचा खोळंबा सर्वात जास्त झाला. ज्यानं क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची प्रत, वापरला होता, त्याला लॉकच नव्हतं. त्याची फाइल पहिल्या दणक्यात उघडली.

हे उलटं जग आता पुरे.

नव्या पोरांसाठी थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर माझा राग त्यांना कळायचा नाही. मराठी संगणकावर आली ती आपोआप आलेली नाही. कानपूरच्या आयआयटीत जिस्ट नावाचं तंत्र तयार झालं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते तिथं वाढलं, आणि त्यातूनच पुढे आयएसएम हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आलं. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आली, दुसऱ्या एका कंपनीची आकृती आली. खिळे जुळवणारी माणसं उठून कीबोर्डवर बसली ती या लोकांच्या कामामुळे. हे ऋण मी नाकारत नाही. एका देवनागरी फॉन्टला काने, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं धरून कित्येकशे आकार काढावे लागतात. इंग्रजी फॉन्टवाल्याचं काम त्याच्या पासंगालाही पुरत नाही. एवढं करून बाजार लहान, आणि त्यातही एक प्रत विकली की दहा ठिकाणी चढणार. मग कंपन्यांनी कुलूप आणलं. हार्डवेअर लॉक, म्हणजे डोंगल. आधी प्रिंटरच्या एलपीटी पोर्टात बसायचं, नंतर यूएसबीत. प्रोग्राम मधून मधून त्या डोंगलची हजेरी घ्यायचा; ओ आली नाही की काम बंद. आमच्याकडे ओलीचा, धुळीचा आणि विजेच्या लपंडावाचा हिशेब कोण करणार? लॉक गेलं की कुरिअर, आणि कुरिअरनं भागलं नाही की एसटीनं सुमारे अडीचशे किलोमीटर पुणे. तेवढ्या दिवसांत गिऱ्हाइकाच्या मुलीचं लग्न होऊन जायचं.

तरीही या पहिल्या कुलपाबद्दल माझं फार भांडण नाही. माल तुमचा, दार तुमचं, कुलूप घाला. माझं भांडण दुसऱ्या कुलपाशी आहे, जे डोळ्यांना दिसत नाही.

जुन्या फॉन्टमध्ये अक्षरांना जागा जेमतेम २५६. त्याही इंग्रजीसाठी आखलेल्या. त्या जागांवर प्रत्येक कंपनीनं आपापल्या सोयीनं मराठीचे तुकडे बसवले. एकीच्या फॉन्टमध्ये ज्या जागेवर अर्धा श, त्याच जागेवर दुसरीच्या फॉन्टमध्ये वेलांटी. १९९१ मध्ये इस्की नावाचं भारतीय प्रमाण ठरलं होतं, पण छपाईच्या फॉन्टांनी आपापले संसार वेगळेच मांडले. म्हणून एका कंपनीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर टाकला की समोर इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि डॉलरच्या चिन्हांचा काला. कुठल्या जागेवर कुठला तुकडा, हा नकाशा ग्राहकाच्या हाती सहसा पडला नाही. तो कंपनीच्या कपाटात राहिला. परिणाम असा की गावच्या शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, एखाद्या मास्तरानं जन्मभर जमवलेला गावचा इतिहास, तुळजापूरच्या यात्रेत विकायच्या आरतीसंग्रहांची जुळणी, साखर कारखान्याचे जुने वार्षिक अहवाल, हे सगळं टाइप होऊनही वाचता येत नाही, शोधता येत नाही, दुसऱ्या फॉन्टमध्ये नेता येत नाही. प्रोग्राम तुमचा होता हे मान्य. मास्तरांचा इतिहास तुमचा कधी झाला?

आता व्यवसायबंधूंनो, तुमच्याकडे वळतो. कंपन्यांना झोडपलं म्हणून खूश होऊ नका.

आपल्या जिल्ह्यात किती दुकानांत पैसे मोजून घेतलेला पेजमेकर किंवा कोरल आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. पेजमेकरचं सातवं व्हर्जन २००१ चं. त्यानंतर अडोबीनं पुढचं काढलंच नाही, तरी लग्नपत्रिका अजून त्यावरच. पेन ड्राइव्हवर एक फोल्डर, त्यात क्रॅक, आणि ‘फुल व्हर्जन टाकून देतो’ म्हणून गिऱ्हाइकाकडून वर तीन-चारशे रुपये. स्वतः चोरलेलं वापरणं एक, आणि दुसऱ्याच्या मशीनवर चोरीचं चढवून त्याची मजुरी घेणं दुसरं. दुसरी गोष्ट मला जास्त खटकते, कारण ज्याच्या मशीनवर चढवलं त्या बिचाऱ्याला बहुतेक वेळा माहीतच नसतं की त्यानं काय घेतलं.

कायदा काय म्हणतो ते एकदा नीट ऐका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब प्रमाणे चोरीची प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्याला किमान सात दिवस आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, शिवाय ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं. आपला वापर धंद्यासाठीच आहे, तेव्हा ती पळवाट आपल्याला नाही. प्रती करून विकणारा कलम ६३ मध्ये सापडतो, आणि ते कलम दखलपात्र व अजामीनपात्र आहे असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय दुकानात येऊ शकतात. ‘आमच्या गावात कोण येतंय’ हे उत्तर मी बरीच वर्षं ऐकलंय.

दुसरं उत्तर गरिबीचं. धाराशिव नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, पाऊस बेभरवशाचा, सोयाबीनचा भाव पडलेला, गिऱ्हाइक पत्रिकेमागे आठ आणे कमी करायला लावतं. मग आम्ही महिन्याचं भाडं भरून प्रोग्राम कुठून घेणार? प्रश्न खोटा नाही. अडोबीनं २०१३ पासून नवी व्हर्जनं विकणं सोडून फक्त भाड्यानं द्यायला सुरुवात केली, आणि तो हप्ता तालुक्याच्या दुकानाच्या हिशेबात बसत नाही. पण या उत्तरातली हवा कधीच निघून गेली आहे. स्क्रायबस आहे, इंकस्केप आहे, गिंप आहे, लिब्रेऑफिस आहे. सगळं फुकट आणि कायदेशीर. स्क्रायबसच्या नव्या व्हर्जनांत देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळतात. विंडोजमधला मंगल फॉन्ट आपल्या र. कृ. जोशींनी काढलेला. एक टाइप या आपल्याच मंडळींनी केलेला मुक्ता फॉन्ट खुल्या परवान्याचा, कुणीही कितीही छापावा. तेव्हा यापुढे जो चोरी करतो तो अडचणीनं नव्हे, सवयीनं करतो. हात बसलेला असतो, नवं शिकायचा कंटाळा असतो. कंटाळ्याला गरिबीचं नाव देऊ नका.

आणि फुकटची किंमतही मोजून ठेवा. क्रॅक चढवताना पहिली सूचना असते : अँटिव्हायरस बंद करा. बंद केलं की दार सताड उघडं. स्टॉप किंवा डेजाव्हू नावानं ओळखल्या जाणाऱ्या खंडणीच्या व्हायरसाचा मुख्य रस्ताच क्रॅक आणि कीजेनचा आहे. तो मशीनवरच्या सगळ्या फायली कुलूपबंद करतो आणि एक चिठ्ठी ठेवतो. बराच काळ तिच्यात मागणी अशी असायची : ९८० डॉलर द्या, ७२ तासांत बोललात तर ४९०. एका पत्रिकेच्या नफ्यावर चालणाऱ्या दुकानाला डॉलरमध्ये खंडणी! कंपनीचं कुलूप चुकवायला गेलेला माणूस चोराच्या कुलपात अडकतो, आणि या कुलपाची चावी मिळवायला कुठल्याही ग्राहक आयोगाचा आदेश उपयोगी पडत नाही.

म्हणून व्यवसायबंधूंना इशारा असा. १ मेनंतर माझ्या प्लेटमेकिंगवर आणि मशीनवर चोरीच्या प्रोग्राममधून निघालेलं काम मी घेणार नाही. तुमच्याकडे परवाना नसेल तर फुकटचा कायदेशीर प्रोग्राम वापरा, पीडीएफ द्या, मी छापतो. स्क्रायबस शिकायचा असेल तर दुकानात या, मशीन मोकळं असेल तेव्हा शिकवतो, पैसे घेणार नाही. पण गिऱ्हाइकाच्या मशीनवर क्रॅक चढवून पैसे घेतल्याचं मला कळलं, तर त्या दुकानाशी माझी उधारी, उसनवारी, कागदाची देवघेव सगळं बंद. नाव जाहीर करणार नाही. गाव लहान आहे, गरज पडत नाही.

आता कंपन्यांना. तुमच्याकडे मी भीक मागत नाही. मागणी करतोय, आणि तिला कायद्याचा आधार आहे.

बंद केलेल्या प्रत्येक जुन्या फॉन्टचा नकाशा खुला करा. कुठल्या जागेवर कुठलं अक्षर, एवढाच तक्ता. दोन-चार पानांचं काम. त्यानं तुमचा एकही नवा प्रोग्राम चोरीला जाणार नाही. फॉन्ट फुकट द्या असंही मी म्हणत नाही, जरी आकृतीच्या कंपनीनं आपले काही फॉन्ट पुढे जीपीएल या खुल्या परवान्याखाली मोकळे केले आणि त्यानं आभाळ कोसळलं नाही. ज्या व्हर्जनची देखभाल तुम्ही थांबवली, त्याचं लॉक पैसे भरलेल्या ग्राहकासाठी उठवा. हेही पूर्वी झालेलं आहे. क्रिएटिव्ह सूट २ चालू करून देणारे सर्व्हर अडोबीला बंद करायचे होते, तेव्हा, म्हणजे २०१२ संपून २०१३ उजाडताना, त्या कंपनीनं जुन्या ग्राहकांसाठी सर्व्हरला न विचारता चालणारी प्रत आणि नंबर उपलब्ध करून दिले. अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या कंपनीला जे जमलं ते आपल्याकडे का जमू नये? आणि जळालेलं लॉक बदलून देण्याची रक्कम बिलावर आधीच छापा. ग्राहक अडला की भाव फुटतो, ही पद्धत आडतीत शोभते. परवान्याच्या धंद्यात नाही.

विश्वासाचं काय होतं हे तुम्हाला सांगायला नको, पण सांगतो. १९८३ मध्ये बोर्लंड कंपनीनं टर्बो पास्कल बाजारात आणलं ते ४९ डॉलर ९५ सेंटला आणि कुलपाशिवाय. त्या काळात असे प्रोग्राम शेकडो डॉलरला जायचे. स्वस्त दिलं, विश्वास ठेवला, आणि लोकांनी रांगा लावून विकत घेतलं. उलट २००५ मध्ये सोनी बीएमजीनं गाण्यांच्या सीडीत चोरीविरोधी प्रोग्राम घातला, तो विकत घेणाऱ्याच्या संगणकात लपून बसला आणि त्यानं इतर व्हायरसांना आडोसा करून दिला. चोरून गाणी उतरवणाऱ्याला काही झालं नाही. दुकानात पैसे मोजणाऱ्याचं मशीन खराब झालं. सीडी परत घ्याव्या लागल्या, अमेरिकेत खटले झाले, तडजोडी कराव्या लागल्या. तुमची लॉकं त्या थराला गेलेली नाहीत हे मान्य. पण दिशा तीच : ज्यानं पैसे भरले त्याच्यावरच संशय.

कायद्याचं म्हणाल तर कॉपीराइट कायदा नुसता तुमच्या बाजूचा नाही. कलम ५२ प्रमाणे ज्याच्याकडे प्रोग्रामची कायदेशीर प्रत आहे त्याला नुकसानीपासून बचावासाठी राखीव प्रत करण्याची मुभा आहे. डोंगलची राखीव प्रत कशी करायची ते तुम्हीच सांगा. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे : दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती सहज उपलब्ध नसेल, तर कायदेशीर ग्राहकाला ती काढून घेता येते. २०१२ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ६५अ कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगतं, पण हक्कभंगाच्या हेतूनं तोडणाऱ्याला. माझ्या गिऱ्हाइकाचा मजकूर त्याला वाचता यावा यात तुमच्या कुठल्या हक्काचा भंग होतो, ते लेखी कळवा.

आणि आम्ही धंदेवाले म्हणून ग्राहक आयोगात येऊ शकत नाही अशी समजूत असेल तर ती काढून टाका. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा व्यापारी हेतूची खरेदी वगळतो, पण स्वतःच्या कष्टानं पोट भरण्यासाठी केलेली खरेदी वगळत नाही. स्वतः मशीनवर बसणारा डीटीपीवाला त्यात बसतो. डब्यात विकलेलं सॉफ्टवेअर ही वस्तूच आहे, हे टाटा कन्सल्टन्सीच्या विक्रीकराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्येच ठरवलं. या कायद्याखाली तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात जाता येतं. म्हणजे पुण्याला खेटे आम्ही मारणार नाही, तारखेला धाराशिवला तुमचा वकील येईल. परवान्याच्या बारीक अक्षरांतल्या एकतर्फी अटींसाठी, म्हणजे अन्याय्य करारासाठी, राज्य आयोग आहे.

१ मेपर्यंत फॉन्टचे नकाशे जाहीर झाले नाहीत, तर मी स्वतःच्या परवानाधारक प्रतीवरून ते तयार करायला घेईन. एक एक जागा छापायची, ताडायची, तक्त्यात भरायची. किचकट आहे, पण खिळे जुळवणाऱ्या हातांना किचकट कामाची सवय आहे. झालेला तक्ता मी कुलपाशिवाय सगळ्यांना देईन, कंपनीचं नाव आणि व्हर्जन वर स्पष्ट लिहून. फॉन्ट वाटणार नाही, प्रोग्राम वाटणार नाही, क्रॅकला हात लावणार नाही. नकाशा फक्त. त्यावर नोटीस पाठवायची असेल तर पाठवा, उत्तर आयोगापुढे देईन. आणि त्या दिवसापासून माझ्या दुकानात लॉक लागणारा कुठलाही मराठी प्रोग्राम विकत घेतला जाणार नाही. नव्या व्हर्जनचं माहितीपत्रक घेऊन येणाऱ्या प्रतिनिधीनं चहा घ्यावा आणि परतीची गाडी धरावी.

राहिलं आमचं गिऱ्हाइक : शाळा, पतसंस्था, कारखाने, मंडळं, ग्रामपंचायती. १० जानेवारी २०२० ला याच धाराशिवात त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते, तीन दिवस भाषेच्या भवितव्यावर बोलणं झालं. भाषेच्या भवितव्याची निम्मी कामं अशी आहेत की ती तुमच्या बिलावर एक ओळ लिहून होतात. यापुढे कुणालाही छपाईचं काम देताना लिहून घ्या : छापील प्रतींबरोबर मजकुराची युनिकोड फाइल मिळाली पाहिजे. ती देत नाही म्हणणाऱ्याला काम देऊ नका. मी दिली नाही तर मलाही देऊ नका. छापखानेवाल्यांना हे आवडणार नाही, कारण जुन्या फायली ताब्यात असल्या की गिऱ्हाइक दुसरीकडे जात नाही, आणि खरं बोलायचं तर आपणही तेच कुलूप वापरलं आहे, कंपनीनं आपल्यावर वापरलं तेच.

माझ्याकडे ज्यांची जुनी कामं पडून आहेत त्यांनी ३० एप्रिलपर्यंत पेन ड्राइव्ह घेऊन यावं. जे उघडतं ते युनिकोडमध्ये बदलून देतो. बदलायचे पैसे नाहीत, मुद्रितशोधन तुमचं तुम्ही करायचं, कारण रफार आणि रुकार अजूनही चुकतात. उघडत नाही त्या फायलींची यादी दुकानाच्या दारावर लावीन, फॉन्टच्या आणि व्हर्जनच्या नावासकट, म्हणजे तक्ता तयार करताना कुठलं काम आधी घ्यायचं ते ठरवता येईल. १ मेनंतर जुन्या फॉन्टमध्ये नवीन मजकूर टाइप करून मागू नका, कितीही जुनी ओळख असली तरी.